बिल घेतलं नाही, म्हणून हक्क गेला का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई नुकत्याच नोकरीतून निवृत्त झाल्या आहेत. घरी त्या आणि त्यांचे यजमान. मुलगा दुसऱ्या शहरात. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशिनची वॉरंटी संपली तेव्हा कंपनीतून फोन आला आणि त्यांनी ५,९०० रुपये ऑनलाइन भरून वर्षाचा देखभाल करार, म्हणजे एएमसी, घेतला. ‘सगळं यात येतं, तुम्हाला काही बघावं लागणार नाही,’ असं फोनवर सांगितलं होतं. पहिली सर्व्हिस बऱ्याच फोनाफोनीनंतर दोन महिने उशिरा झाली. दुसऱ्या वेळी आलेला टेक्निशियन म्हणाला, मेंब्रेन (मशिनमधला क्षार अडवणारा मुख्य पडदा) गेलंय, ते करारात बसत नाही; कंपनीकडून घेतलं तर ३,८०० पडतील, मी २,५०० मध्ये बसवून देतो, बिल मात्र मिळणार नाही. ताईंनी त्याच्या नंबरवर यूपीआयने पैसे दिले. तीन आठवड्यांत जोडणीतून पाणी गळायला लागलं आणि ओट्याखालचं प्लायवुडचं कपाट फुगलं. कंपनी आता म्हणते, मशिनमध्ये बाहेरचा पार्ट आहे, करार लागू होत नाही. मुलगा म्हणतो, त्या टेक्निशियनचा फोटो टाकून सगळं समाजमाध्यमांवर लिही. यजमान म्हणतात, एवढ्याशा पैशांसाठी कुठे कोर्टाची पायरी चढतेस. आणि ताई लिहितात, ‘तो मुलगा होतकरू आहे, माझ्यामुळे त्याची नोकरी जाऊ नये. शिवाय बिल मीच घेतलं नाही, अटी मान्य आहेत यावर टिकही मीच केली. आता तक्रार करायला मला तोंड आहे का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, आहे. तक्रार करायला निर्दोष असावं लागत नाही. तुमच्याकडून एक व्यवहार कच्चा झाला, हे खरं. पण त्या एका व्यवहाराची सावली तुम्ही बाकी सगळ्यावर पडू दिली आहे, आणि कंपनीही नेमकं तेच करते आहे.

तुमचं पत्र मी शांतपणे वाचलं तेव्हा मला त्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसल्या. पहिली, कंपनीशी ५,९०० रुपयांचा करार आणि त्यातली उशिरा झालेली सर्व्हिस. दुसरी, मेंब्रेनचे २,५०० रुपये, जे तुम्ही टेक्निशियनच्या हातात बिलाशिवाय दिले. तिसरी, जोडणी नीट न बसल्यामुळे झालेली गळती आणि कपाटाचं नुकसान. या तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिलीत तुमची बाजू भक्कम आहे, तिसरीत बऱ्यापैकी आहे, दुसरीत कमकुवत आहे. तुम्ही मात्र दुसरीकडे बघून तिन्ही सोडायला निघाला आहात.

आता त्या मुलाबद्दल. तुम्हाला त्याची काळजी वाटते, हे मला मनापासून आवडलं, आणि ती काळजी सोडा असं मी म्हणणार नाही. पण तक्रार केली की त्याची नोकरी जाणार, हे तुम्ही धरून चालला आहात. जरा वेगळ्या बाजूने बघू. घरोघरी येणारे हे टेक्निशियन बऱ्याचदा कंपनीचे थेट नोकर नसतात. मधे एखादी फ्रँचायझी किंवा ठेकेदार असतो, पगार कमी आणि भेटीमागे पैसे, वर करार विकण्याचं आणि पार्ट खपवण्याचं टार्गेट. अशा व्यवस्थेत ‘करारात बसत नाही, मी स्वस्तात देतो’ हे वाक्य जन्माला येतं. त्याने केलं ते चूकच आहे. पण तुम्ही गप्प बसलात तर त्याचं भलं होत नाही, ती व्यवस्था तशीच चालू राहते, आणि पुढच्या घरी तो हेच बोलतो. एक दिवस कुणीतरी चिडून त्याला पोलिसांत द्यायची भाषा करेल, तेव्हा त्याच्या मागे उभं राहायला कंपनी येणार नाही.

तुमचा करार कंपनीशी आहे, म्हणून तुमचं पत्रही कंपनीला जायला हवं. त्यात त्या मुलाच्या स्वभावाबद्दल, हेतूबद्दल एकही शब्द लिहू नका. काय घडलं तेवढं लिहा: अमुक तारखेला, अमुक तक्रार क्रमांकावर तुमचा माणूस आला, त्याने असं सांगितलं, असं केलं. त्याला शिक्षा करा अशी मागणी करायची तुम्हाला काहीच गरज नाही. मशिन दुरुस्त करा, नुकसान भरून द्या, एवढीच मागणी ठेवा. मुलाचा सल्ला याच कारणासाठी मला मान्य नाही. त्या टेक्निशियनचा फोटो जगासमोर टाकला तर राग निघेल, पण ज्याच्याकडे पैसे गेले ती कंपनी नामानिराळी राहील, आणि बदनामीची उलट नोटीस यायची शक्यता वेगळीच. कंपनीच्या अधिकृत खात्यावर तक्रार क्रमांकासह दोन ओळी लिहायला हरकत नाही. व्यक्तीचा फोटो नको.

बिलाकडे येऊ, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. आपल्याकडे अनेकांना वाटतं की बिल असेल तरच आपण ग्राहक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ असं म्हणत नाही. मोबदला देऊन, किंवा देण्याचं कबूल करून, जो वस्तू किंवा सेवा घेतो तो ग्राहक. मात्र व्यापारासाठी घेत असेल तर नाही. बिल हा पुरावा आहे, हक्काचा उगम नाही. उलट वस्तूचं किंवा सेवेचं बिल, पावती न देणं हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि पुरावा म्हणाल तर तुमच्याजवळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. ५,९०० रुपयांची ऑनलाइन नोंद आहे. टेक्निशियनला यूपीआयने दिलेल्या पैशांची तारीख, वेळ आणि नाव बँकेच्या खातेउताऱ्यात आहे. तो तुमच्याकडे वाट चुकून आला नव्हता, तुमच्या तक्रारीवर कंपनीने पाठवला होता, आणि तसा एसएमएस तुमच्या फोनमध्ये अजून असणार. त्या दिवशीच्या भेटीची नोंद कंपनीकडेही आहे. हे सगळे स्क्रीनशॉट आजच काढा आणि फोनखेरीज दुसऱ्या कुठेतरी ठेवा.

पण त्या २,५०० रुपयांबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कंपनी म्हणेल, हा आमच्या पाठीमागे झालेला खासगी व्यवहार, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही, कारण बिल मिळणार नाही हे तुम्हाला आधी सांगितलं होतं आणि तुम्ही हो म्हटलं होतं. तुमचं म्हणणं एवढंच राहील की तो कंपनीच्या कामावर, कंपनीच्या नावाने आला होता, म्हणून त्या भेटीत त्याने केलेल्या कामाची जबाबदारी कंपनीवर येते. हे म्हणणं मांडा. मात्र सगळा जोर त्यावर लावू नका.

इथे एक गोष्ट सर्वच वाचकांनी लक्षात घ्यावी असं मला वाटतं. ताईंना ३,८०० ऐवजी २,५०० द्यावे लागले, म्हणजे १,३०० वाचले असं त्या क्षणी वाटलं. पण त्या १,३०० मध्ये काय काय होतं ते बघा. पार्ट अस्सल असल्याची हमी, तो बिघडला तर बदलून मिळण्याचा हक्क, चुकीचा बसवला तर जाब विचारायला एक नाव आणि पत्ता. बिलाशिवाय मिळालेली सूट बहुतेक वेळा स्वस्ताई नसते, ती या सगळ्यावर सोडलेलं पाणी असतं. कुणी ‘बिल हवं तर जीएसटी लागेल’ म्हणालं तर त्याचा जीएसटी क्रमांक मागा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. छोट्या सेवा व्यावसायिकाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात त्याला सहसा नोंदणीची सक्ती नसते. मग तो जीएसटी लावूही शकत नाही. पण नोंदणी नसली तरी साधी पावती त्याला देता येते, आणि ती मागण्यात कुणाचा अपमान नाही.

आता ‘अटी मान्य आहेत’ वरच्या टिकबद्दल. अटी वाचायला हव्या होत्या, हे मी सांगण्याची गरज नाही. पण टिक केली म्हणून सगळं संपलं, हा समज मनातून काढून टाका. कायद्यातली ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या बरीच रुंद आहे. कामातला हलगर्जीपणा ज्यामुळे ग्राहकाचं नुकसान होतं, तो त्यात येतो. ग्राहकाला कळायला हवी ती माहिती मुद्दाम दडवून ठेवणं, तेही त्यात येतं. ‘सगळं यात येतं’ असं फोनवर सांगून मेंब्रेन वगळलेलं असेल, तर प्रश्न तुम्ही टिक केल्याचा राहत नाही, त्यांनी काय सांगितलं आणि काय झाकलं याचा होतो. असे विक्रीचे फोन सहसा रेकॉर्ड होतात. त्या तारखेचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं आणि मला त्याची प्रत द्यावी, अशी लेखी मागणी करा. त्यांनी दिलं नाही तरी तुम्ही मागितल्याची नोंद राहते.

एकतर्फी, जाचक अटींचा ‘अनुचित करार’ म्हणून स्वतंत्र विचारही २०१९ च्या कायद्यात आहे. पण तशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य ग्राहक आयोगाला आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला आहे, जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. तुमच्या प्रकरणात तो लांबचा रस्ता धरायचं कारण मला दिसत नाही. सेवेतील त्रुटी हा सरळ रस्ता आहे.

या करारांचे साधारणपणे दोन प्रकार असतात. एकात पार्ट धरलेले असतात, दुसऱ्यात फक्त मजुरी आणि ठरावीक भेटी. मधलेही प्रकार असतात, ज्यात साधे फिल्टर येतात पण मेंब्रेन, पंप, एसएमपीएस (मशिनला वीज पुरवणारा भाग) असे महागडे भाग येत नाहीत. तुमच्या करारात काय आहे ते कंपनीकडून आलेल्या ईमेलमध्ये किंवा कंपनीच्या ॲपवर बघा. सापडलं नाही तर प्रत मागा. मेंब्रेन करारात असेल, तर टेक्निशियनने तुम्हाला खोटं सांगितलं आणि ती सरळसरळ कंपनीच्या सेवेतली त्रुटी आहे. मेंब्रेन करारात नसेल, तरी वेळेवर न झालेली सर्व्हिस आणि चुकीची जोडणी या दोन गोष्टी तशाच उरतात.

‘बाहेरचा पार्ट आहे, करार लागू नाही’ हे उत्तर कस्टमर केअरच्या फोनवर मिळालं आहे ना? मग ते अजून उत्तरच नाही. त्यांना लेखी विचारा: करारातल्या कोणत्या कलमानुसार? पार्ट बाहेरचा आहे हे कोणी, कधी तपासलं? तपासणीचा अहवाल कुठे आहे? तो पार्ट बसवला त्या दिवशी तुमच्या नोंदीनुसार कोण आलं होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गळती पार्टमधून आहे की जोडणीतून? तुमच्या वर्णनावरून पाणी नळीच्या जोडापाशी गळतंय. तसं असेल तर मेंब्रेन अस्सल की बाहेरचं, हा मुद्दा गळतीला लागूच पडत नाही.

पत्र कसं लिहायचं हे अनेक वाचक विचारतात, म्हणून एक मसुदा देते. तारखा आणि क्रमांक आपापले घाला.

‘माझा करार क्रमांक अमुक. अमुक तारखेला ५,९०० रुपये भरले. पहिली सर्व्हिस अमुक तारखेला अपेक्षित होती, ती अमुक तारखेला झाली. मधल्या काळातले तक्रार क्रमांक सोबत आहेत. अमुक तारखेला तक्रार क्रमांक अमुकवर आलेल्या आपल्या प्रतिनिधीने मेंब्रेन बदललं. त्यानंतर तीन आठवड्यांत जोडणीतून गळती सुरू होऊन ओट्याखालच्या कपाटाचं नुकसान झालं; फोटो सोबत आहेत. माझी मागणी: मशिनची विनामूल्य तपासणी करून लेखी अहवाल द्यावा, गळती दुरुस्त करावी, कपाटाच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा, आणि उशिरामुळे वाया गेलेल्या कालावधीइतकी कराराची मुदत वाढवून द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तसं न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

एवढं पुरे. रागाची विशेषणं नकोत, मनस्तापाचं वर्णन नको. ईमेल करा आणि तीच प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. मागितलेल्या पैशांचा आकडा खरा ठेवा. फुगलेला एक कप्पा बदलण्यासाठी अख्ख्या ओट्याचं फर्निचर मागितलं तर चांगली बाजूही डळमळते. सुताराकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या आणि तोच जोडा.

यजमानांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. वेळ, मनःशांती, प्रवास यांनाही किंमत आहे, आणि निवृत्तीनंतरचे दिवस एका मशिनच्या मागे घालवायचे का, हा रास्त प्रश्न आहे. पण त्यांच्या डोळ्यासमोर जे कोर्ट आहे ते आणि आजचा ग्राहक आयोग यात फरक आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील लावायची सक्ती नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात कंपनीचं ऑफिस किंवा शाखा कुठे आहे, घटना कुठे घडली, यावरून ठिकाण ठरायचं. आता तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी अशी विनंती करता येते. तडजोडीला वाव असेल तर दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे जातं. वस्तूची तपासणी लागणार नसेल तर ३ महिन्यांत आणि लागणार असेल तर ५ महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, हेही तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं बरं.

म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या दोन पायऱ्या नक्की चढा, तिसरीचं नंतर ठरवा. पहिली म्हणजे वरचं पत्र. दुसरी, उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. अनेक मोठ्या कंपन्या या हेल्पलाइनशी जोडलेल्या आहेत. त्यांच्याविरुद्धची तक्रार थेट कंपनीच्या संबंधित विभागाकडे जाते आणि तिचा पाठपुरावा होतो. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती तडजोड घडवू पाहते. तरी फोनवर महिनोन्महिने न हललेली कामं इथे नोंद झाल्यावर हलतात, असं मी अनेक वाचकांकडून ऐकते. त्यानंतरही काही झालं नाही, तर मग तुम्ही दोघं बसून ठरवा. आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई नाही. आणि तिथेच थांबायचं ठरवलंत तर त्यात कमीपणा मानू नका. हक्क ठाऊक असून, नीट विचार करून सोडून देणं वेगळं, आणि मला तोंडच नाही असं मानून मागे फिरणं वेगळं. दुसरं तुमच्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

पुढच्या वेळी काय, हेही तुम्ही विचारलं आहे. कराराच्या नूतनीकरणाचा फोन आला की लगेच हो म्हणू नका. मागच्या वर्षात भेटी किती झाल्या, कोणते भाग खरंच बदलले, ते करार नसताना कितीला पडले असते, याचा कागदावर हिशेब मांडा. कंपनीकडून सुट्या भागांचे दर आधी लिहून मागवा. पुष्कळदा दिसतं की फक्त मजुरीचा करार घेण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा भेटीचे पैसे देणं परवडतं, आणि महागडे भाग धरलेला करार मात्र मशिन जुनं असताना उपयोगाचा ठरतो. करार घ्यायचाच असेल तर ‘मेंब्रेन धरून की वगळून?’ हा प्रश्न व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर विचारा आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा. फोनवरचं आश्वासन पैसे घेईपर्यंत टिकतं. लेखी उत्तर वर्षभर टिकतं.

मेंब्रेन गेलं की नाही, हे टेक्निशियनच्या शब्दावर सोडायची गरज नाही. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, टीडीएस, मोजणारं पेनासारखं छोटं यंत्र बाजारात मिळतं. सर्व्हिस झाल्यावर मशिनमध्ये येणाऱ्या आणि मशिनमधून निघणाऱ्या पाण्याचे आकडे लिहून ठेवा. पुढे कधी निघणाऱ्या पाण्याचा आकडा येणाऱ्या पाण्याच्या आकड्याजवळ सरकायला लागला, तर मेंब्रेन थकलं असं समजायला जागा आहे. काही मशिनमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळतात, म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्याला लावू नका, आपलाच जुना आकडा बघा. पाण्याची धार बारीक झाली असेल, तर आधी गाळ अडवणारा सुरुवातीचा फिल्टर तुंबलाय का ते बघायला सांगा. तो बदलायला मेंब्रेनच्या मानाने फार थोडा खर्च येतो. आणि नळाच्या पाण्याचाच टीडीएस कमी असेल, तर आरओ हवंच का, हा त्याआधीचा प्रश्न. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे ५०० मिलीग्रॅम आहे. पाणी त्याच्या बरंच आत असेल तर साधं, जंतू मारणारं यंत्र पुरेल का ते बघा. टीडीएसच्या आकड्यावरून जंतूंचं काही कळत नाही, हे मात्र विसरू नका.

ताईंच्या पत्रासारखीच पत्रं प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगकाम, एसी आणि वॉशिंग मशिनबद्दलही येतात. त्या सगळ्यांसाठी थोडं. काम सुरू होण्याआधी भेटीचे पैसे, मजुरी आणि सामान यांचा वेगवेगळा आकडा मेसेजवर लिहून घ्या. काम निघाल्यावर खर्च वाढला तर पुढे जाण्याआधी विचारावं, असंही त्याच मेसेजमध्ये लिहा. बदललेला जुना भाग आपल्याकडे मागा. तो मागितला जातो हे कळलं की चांगला भाग उगाच बदलण्याचा मोह कमी होतो. मोठ्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता काम तपासून झाल्यावर. काम झाल्यावर सहीसाठी देतात त्या जॉब शीटवर ‘काम समाधानकारक’ असं छापलेलं असतं. मशिन चालवून बघितल्याशिवाय त्याखाली सही करू नका, आणि ओटीपी हीसुद्धा सहीच असते. काम अर्धवट असेल तर तसं हाताने लिहून सही करा.

दाराशी येणारा स्वतंत्र प्लंबरही कायद्याच्या दृष्टीने सेवा देणाराच आहे, पण अशा माणसाशी असलेला संबंध वर्षानुवर्षांचा असतो आणि त्याचं पोट त्यावर असतं. चांगलं काम करणाऱ्याशी घासाघीस न करता वेळेवर पैसे देणं, त्याचं नाव शेजारी सांगणं, यातून जी सेवा मिळते ती कुठल्याही करारातून मिळत नाही. घरकामाला मासिक पगारावर असलेल्या ताई-मावशींबद्दलही कधीकधी ग्राहक आयोगाची विचारणा होते. व्यक्तिगत सेवेचा करार या कायद्याच्या ‘सेवे’त येत नाही, त्यामुळे तिथे हा मार्ग नाही, आणि असावा असंही मला वाटत नाही. तो मालक आणि कामगार यांच्यातला प्रश्न आहे.

ॲपवरून सेवा बोलावणाऱ्यांना आणखी एक आधार आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. बिलात तुम्ही न मागितलेली सेवा किंवा सदस्यत्व आपोआप घालणं, सदस्यत्व रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवणं, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहेत. कार्डावरून करार आपोआप नूतनीकृत होत असेल, तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचा. नको असेल तर तिथूनच थांबवता येतं.

वॉरंटीतली किंवा करारातली ‘फ्री सर्व्हिस’ फुकटच असते, मग तक्रार कशाला, असाही संकोच अनेक जण बाळगतात. तिचे पैसे तुम्ही मशिनच्या किंवा कराराच्या किमतीत भरलेले असतात. कायदा पूर्णपणे मोफत दिलेली सेवा वगळतो, ही वगळत नाही.

ताई, आता एकच तातडीचं काम. मशिनचा इनलेट, म्हणजे त्यात पाणी येण्याचा नळ, बंद करा, म्हणजे गळती थांबेल आणि नुकसान वाढणार नाही. नंतर सुताराला बोलावण्याआधी, काही पुसण्या-हलवण्याआधी, गळणारा जोड, फुगलेलं प्लायवुड आणि मशिनवरचा अनुक्रमांक यांचे फोटो काढा, एक छोटा व्हिडिओही घ्या. टेक्निशियनने काढलेलं जुनं मेंब्रेन घरात कुठे राहिलं असेल तर टाकू नका, पिशवीत घालून ठेवा. कंपनीचा माणूस तपासणीला आला तर त्याला सगळं दाखवा, पण लेखी अहवाल हातात आल्याशिवाय नवीन मेंब्रेन काढून नेऊ देऊ नका.